तेलाच्या शिशीवरचं लेबल खरवडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या काचेच्या बाटल्यांनी घर कसं सजवायचं यावर अर्धं पान होतं. फोटो झकास होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यात एक टिप अशी होती की बाटली रात्रभर सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी लेबल आपोआप सुटतं, मग त्यात मनीप्लांट लावा. हे वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण नेमकं हेच मी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी करून बसलोय आणि त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागा नसेल तर मधलं कापा, शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी अमळनेरचा. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. ड्युटीमुळे चोपडा, शिरपूर, शहादा, साक्री, रावेर सगळीकडे मुक्काम व्हायचे आणि मुक्कामी गाडी लागली की संध्याकाळी करायचं काय, तर मी भंगारवाल्यांकडे चक्कर मारायचो. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, मी केसांच्या तेलाच्या काचेच्या शिश्या जमवतो. १४० च्या वर झाल्यात. घरच्यांनी त्यासाठी माळा दिलाय आणि वरनं बोलणी पण दिलीत. आमची काकू तर तोंडावर म्हणायची, "कसाले लागतस तुले ह्या शिश्या, तुना डोकावर तं केस नहीत!" खरंय, चाळिशीतच माझं मैदान साफ झालं, त्यामुळे यावर उत्तर नाही.

पहिली शिशी आजीची. जबाकुसुम तेलाची. आमचे एक मामा भुसावळला रेल्वेत होते, हावडा मेलवरच्या ओळखीनं ते कलकत्त्याहून मागवायचे, आणि आजी ते तेल दिवाळीला आणि लग्नकार्यालाच काढायची, एरवी घाणीचं तिळाचं तेल नाहीतर माक्याचा रस घालून घरी कढवलेलं. जबाकुसुम म्हणजे जास्वंद, आपल्या नवग्रह स्तोत्रात सूर्याला म्हणतात ना जपाकुसुम, तेच. सी. के. सेन कंपनीचं तेल, चंद्रकिशोर सेन नावाच्या कविराजांनी १८७८ साली कलकत्त्यात धंदा सुरू केला, तिकडे वैद्याला कविराज म्हणतात. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की शिशी मळलीय, वरचा कागद पिवळा पडलाय, कडेला तेलाचे डाग. धुवायच्या पावडरीच्या गरम पाण्यात टाकली आणि झोपलो. सकाळी पातेल्यात लालसर पाणी आणि तळाशी कागदाचा लगदा. बायको म्हणाली किती चकाचक झाली. झाली खरी. पण आता ती शिशी खोकल्याच्या औषधाची म्हणून कुणाला दाखवली तरी खपेल. नुसती कोरी काच, आजीची आहे हे पण मीच सांगायचं आणि समोरच्यानं मानायचं.

आता कुणी म्हणेल की इतकं काय कागदाचं कौतुक, खरी वस्तू तर काच. तिथेच तर मेख आहे.

अमेरिकेत केसांच्या तेल-औषधांच्या बाटल्या जमवणारे मोठे शौकीन आहेत आणि त्यांचं काम सोपं आहे, कारण तिकडच्या कारखानदारांनी नाव थेट काचेतच उठवून घेतलं. हॉल्स हेअर रिन्यूअर, नॅशुआ गाव, न्यू हॅम्पशर. बॅरीज ट्रायकोफेरस, न्यूयॉर्क. मिसेस एस. ए. ॲलन्स वर्ल्ड्स हेअर रिस्टोअरर. जमिनीत शंभर वर्षं पडली तरी बोट फिरवलं की अक्षरं लागतात. लोवेल गावच्या आयर कंपनीचं हेअर व्हिगर तर मोरपंखी निळ्या बाटलीत यायचं, नुसता रंग बघून शौकीन ओळखतात. तिकडच्या गोष्टी पण एकेक भन्नाट आहेत. न्यूयॉर्क राज्यात सदरलँड आडनावाच्या सात सख्ख्या बहिणी होत्या, सातही जणींच्या केसांची लांबी मिळून ३७ फूट, सर्कशीत गायच्या आणि मग पाठीवरचे केस सोडून दाखवायच्या, त्यांच्या बापानं ते बघून हेअर ग्रोअर, म्हणजे केस वाढवायचं औषध, काढलं आणि बाटल्यांवर वाडा बांधण्याइतका पैसा आला. पुढे १९२० नंतर बायकांनी बॉबकट करायला सुरुवात केली आणि धंदा बसला. त्याच्याही आधी लंडनच्या रोलँडचं मॅकासर तेल इतकं खपायचं की लोकांची डोकी टेकून खुर्च्या खराब व्हायला लागल्या, म्हणून पाठीवर टाकायचा रुमाल निघाला आणि त्याचं नावच अँटीमॅकासर पडलं. आपल्या रेल्वेत डोक्यामागे पांढरं फडकं लावतात ते त्याच खानदानातलं. आमच्या घरात तसला रुमाल कधी नव्हता, त्यामुळे पलंगाच्या वर भिंतीवर आजोबांच्या डोक्याचा तेलकट गोल होता, चुना मारला की महिन्याभरात परत वर यायचा.

(एक सांगून ठेवतो, या जुन्या विलायती रिस्टोअररमध्ये केस काळे करायला शिशाचं संयुग सर्रास घालत, लेड ॲसिटेट. बाटलीच्या तळाशी वाळलेलं काही असलं तर वास घेत बसू नका, हात धुवा. पोरांना तर लांबच ठेवा.)

तर तिकडे नाव काचेत. आपल्याकडे नाव कागदावर. कारण साधं आहे, नावाचा साचा करून घ्यायचा तर खर्च, आणि तेवढ्या हजारोंनी बाटल्या खपायला पण पाहिजेत. गावातला छोटा तेलवाला कोऱ्या शिश्या घ्यायचा, किंवा बाटलीवाल्याकडून धुतलेल्या जुन्याच घ्यायचा, आणि छापखान्यातून आणलेलं लेबल खळीनं चिकटवायचा. म्हणजे एकाच शिशीत आधी कलकत्त्याचं तेल, मग जळगावचं, मग कुणाचं तरी गुलाबपाणी. आणि शेवटी आमच्याकडे काय, तर झाकणाला भोक पाडून कापडाची वात घातली की चिमणी तयार, घासलेटवर जळायची. माझ्याकडच्या बऱ्याच शिश्यांचे गळे आतून काळे आहेत ते यामुळेच, धुऊन निघत नाही आणि मी धूत पण नाही. वीज आली नव्हती तेव्हा रात्री गोठ्यात जायला हीच. आपण तिला चिमणी म्हणूनच ओळखतो, त्याआधी तिच्यात कुणाचं तेल होतं ते कागदाबरोबर गेलं.

नाव टिकलं की काय काय सापडतं याचं एकच उदाहरण देतो. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस, एच. बोस म्हणून प्रसिद्ध, त्यांचं कुंतलीन नावाचं केसांचं तेल होतं. हा माणूस सायकली विकायचा, मोटारी विकायचा, रवींद्रनाथांचा आवाज सिलिंडरवर रेकॉर्ड करायचा, आणि तेलाची जाहिरात करायची म्हणून त्यानं चक्क गोष्टींची स्पर्धा काढली, कुंतलीन पुरस्कार. अट एवढीच की गोष्टीत आमच्या मालाचा उल्लेख यावा पण ती जाहिरात वाटता कामा नये. १८९६ ला पहिला पुरस्कार मिळाला त्या गोष्टीत समुद्रात वादळ येतं, जहाज आता बुडणार, आणि गोष्ट सांगणारा माणूस डोक्याला लावायच्या तेलाची बाटली लाटांवर ओततो तर समुद्र शांत होतो. लिहिणारे कोण, तर जगदीशचंद्र बोस! झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे तेच, शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय. आणि ही नुसती थाप नाही बरं का, पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की लाटा दबतात हे जुन्या खलाशांना माहीत होतंच. बंगाली विज्ञानकथेची सुरुवात सांगताना लोक ही गोष्ट सांगतात, म्हणजे तेलाच्या शिशीतनं ती निघाली. काही वर्षांनी, १९०३ ला, शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी याच पुरस्कारासाठी गोष्ट पाठवली, ती पण स्वतःच्या नावानं नाही, मामाच्या नावानं, आणि तिला बक्षीस लागलं.

कुंतलीनची शिशी माझ्याकडे नाही, मिळाली तर मी माझी सायकल देऊन टाकीन.

कलकत्ता या बाबतीत पंढरीच आहे म्हणा. प्रफुल्लचंद्र रायांच्या बेंगॉल केमिकलचं कँथॅरिडिन हेअर ऑइल, एका प्रकारच्या किड्यातून निघणाऱ्या जळजळीत द्रव्याच्या नावावरनं नाव दिलेलं, थोडं लावलं की टाळूची कातडी चेतते आणि केस येतात अशी तेव्हा समजूत. मी लावून बघितलं नाही, वेळ निघून गेली होती. डाबर पण तिथलंच, डॉक्टर बर्मन या नावाचे डा आणि बर घेऊन झालं डाबर, सुरुवात १८८४ ला, आणि त्यांचं आवळा तेल १९४० चं. मुंबईचं म्हणाल तर कामिनिया ऑइल, अँग्लो-इंडियन ड्रग अँड केमिकल कंपनीचं, त्यांचंच ओटो दिलबहार अत्तर. दादरचं रामतीर्थ ब्राह्मी तेल तर आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यावर परीक्षेच्या दिवसात थापलं गेलंय. अहमदाबादचं लोमा. ही नावं राहिली कारण यांच्या जाहिराती देशभरच्या पेपरात यायच्या.

आणि खोबरेल? ते मात्र अरुंद तोंडाच्या काचेच्या शिशीत आमच्याकडे जमायचंच नाही. खोबरेल चोवीस डिग्रीच्या खाली गोठतं आणि आपल्या खानदेशातला डिसेंबर म्हणजे पहाटे दात वाजतात. मग शिशी चुलीपाशी ठेवायची, ती तडकायची, आणि सकाळी सकाळी सगळ्या घराला बोलणी. म्हणून खोबरेल डब्यात, पत्र्याच्या, आणि सुगंधी तेल काचेत. पुढे पॅराशूटवाल्यांनी पत्रा सोडून प्लास्टिक आणलं तेव्हा दुकानदार तयार होईनात, कारण आधी कुणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्या काढल्या होत्या आणि उंदरांनी कुरतडून दुकानभर तेल सांडलं होतं. मग यांनी गोल बाटली केली, उंदराच्या दाताला धरायला कोपराच नाही, आणि पिंजऱ्यात उंदरांबरोबर बाटल्या ठेवून दुकानदारांना पटवलं. ही गोष्ट खुद्द त्या मॅरिको कंपनीच्या मालकांनी सांगितलेली आहे, आणि त्याच कंपनीचा कारखाना आपल्या जळगावात आहे. काचेची शिशी संपली ती तिथून.

आता मुद्द्यावर येतो. लेबलचा उपयोग नुसता नाव कळायला नाही, वय कळायला पण होतो. तिकडचे लोक काचेची शिवण बघतात, साच्याची रेघ पार ओठापर्यंत गेली असेल तर बाटली मशीनची, म्हणजे बाटल्या करायचं ओवेन्सचं मशीन आलं त्या १९०३-०४ च्या नंतरची, आणि रेघ गळ्यातच थांबली तर हाताची, बहुतेक आधीची. आपल्याकडे हा नियम लावला की फसलात. इथे हातानं फुंकून बाटल्या करणं त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होतं. आपल्या राज्यात तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा, कऱ्हाडजवळ ओगलेवाडी १९१६ ची, आणि तिचं नाव झालं ते प्रभाकर कंदिलामुळे. म्हणून मी काच नंतर बघतो, आधी कागद वाचतो. किंमत आण्यात असली तर १९५७ च्या एप्रिलच्या आधीची. न.पै. असं असलं, म्हणजे नये पैसे, तर १९५७ ते ६४. औंस असलं तर जुनी, मिली असलं तर साठनंतरची. सहा आकडी पिन कोड असला तर १९७२ च्या पंधरा ऑगस्टच्या नंतरचीच, त्याआधी नाही म्हणजे नाही.

या शेवटच्यावरनं आठवलं. एका मोठ्या शहरातल्या अँटिकच्या दुकानात मला एक निळी शिशी दाखवली, ब्रिटिश जमान्यातली, राणीच्या काळातली म्हणे, बाराशे रुपये. लेबल मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं, कडा जाळलेल्या. मी उलटी करून बघितली तर खाली बारीक अक्षरात मुंबई ४०० ००२. मी म्हटलं भाऊ, राणीला पिन कोड कुणी दिला? तो हसला, म्हणाला काका तुम्ही गिऱ्हाईक नाही. नव्हतोच.

आणि आपल्या भागासाठी तर एक खास खूण आहे, ती बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. १९०६ ला खानदेश जिल्ह्याचे दोन झाले, पूर्व आणि पश्चिम. महाराष्ट्र झाला त्या १९६० सालीच त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. म्हणजे ज्या लेबलवर "जि. पूर्व खानदेश" असेल ती शिशी या ५४ वर्षांतलीच.

तसली माझ्याकडे एक आहे, आणि हे सगळं रामायण तिच्यासाठी. पारोळ्याच्या बाजूला एका गावात धाब्याचं घर पाडत होते, मजुरानं कोनाड्यातनं काढून विटांच्या ढिगावर ठेवली होती, मी चहाला दहा रुपये देऊन घेतली. चार बोटं उंच, फिक्कट हिरवी, काचेत बुडबुडे, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. बूच गेलंय, त्या जागी चिंधी कोंबलेली, ती मी तशीच ठेवलीय. लेबलवर आरशासमोर केस विंचरणारी बाई, नऊवारीत, केस पार पाटाच्या खाली आलेले. वरती मोठ्या अक्षरात तेलाचं नाव होतं, तिथे नेमकी कसर लागलीय, "…सुंदर तेल" एवढंच राहिलंय. त्याखाली "माका, ब्राह्मी, नागरमोथा व इतर वनस्पतीयुक्त". उजवीकडे "किं. ६ आणे". आणि तळाला एका ओळीत "…दास आणि सन्स, …गाव, जि. पूर्व खानदेश". बास.

गाव म्हणजे कुठलं गाव? जळगाव, चाळीसगाव, धरणगाव, भडगाव, चारही पूर्व खानदेशातच. चारही ठिकाणी जाऊन आलो. जुन्या किराणा दुकानांत विचारलं, आयुर्वेदाच्या दुकानांत विचारलं, छापखान्यात विचारलं की हा ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा, तुमच्याकडचा का. चाळीसगावला एक नव्वदीचे न्हावीबाबा भेटले, त्यांनी शिशी नाकाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले की हे तेल दुकानात असायचं, बाई पाटावर बसलेली होती बरोबर. पण नाव? नाव त्यांना येईना. पंधरा मिनिटं बसलो, चहा झाला, नाव काही आलं नाही. सहा महिन्यांनी परत गेलो तर दुकानाला कुलूप.

आमच्या अमळनेरात १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली, वनस्पती तूप करायला, तीच आजची विप्रो. हे पोरापोराला पाठ आहे, असायलाच पाहिजे. पण त्याच काळात गल्लीबोळात कढई मांडून तीळतेलात माका कढवणारे, शिशीवर स्वतःच्या हातानं कागद चिकटवणारे आणि बाजाराच्या दिवशी सायकलला पिशवी लावून फिरणारे जे होते त्यांची साधी यादीसुद्धा कुठे नाही. त्यांचा सगळा हिशोब त्या दोन इंची कागदावर होता, आणि तो आपण मनीप्लांटसाठी भिजवतोय.

म्हणून दोन विनंत्या. वाचकांना एक, की माळा आवरताना काचेची जुनी तेलाची शिशी निघाली तर धुऊ नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा, लेबल सुटत असलं तर सेलोटेप अजिबात लावू नका, ती दोन वर्षांत पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते, पातळ कागदात गुंडाळून सावलीत ठेवा. आणि शिशी ठेवायची नसेल तर निदान लेबलचा मोबाईलवर फोटो काढा, चारी बाजूंनी, तळाचा पण.

दुसरी तुम्हाला, साहेब. तुमच्या दैनिकाच्या जुन्या फायली आहेत हे मला माहीत आहे, एकदा एका कार्यक्रमात तुमच्याच माणसानं कपाटं दाखवली होती. त्यात स्वातंत्र्याच्या आगेमागे जाहिरातींच्या पानावर आपल्याच भागातल्या तेलवाल्यांच्या बोटभर जाहिराती असणारच, बातम्या कुणीही वाचतो, त्या जाहिराती कुणी वाचलेल्या नाहीत. आठवड्याला एक जरी छापलीत, जुनी जाहिरात जशीच्या तशी, खाली फक्त "कुणाला आठवतं का" एवढं लिहून, तर माझी खात्री आहे की चार म्हातारी माणसं तरी फोन करतील. आणि माणूस नाही, वेळ नाही असं असेल तर मी येतो. मला एसटीचा पास आहे आणि दिवसभर काम नाही. फायली जपून हाताळीन, शाई लागेल असं काही करणार नाही, धूळ पुसायचा फडका घरून आणतो. मला फक्त "…दास आणि सन्स" बघायचंय.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर